शेवटच्या खांबावरची वीज
(प्रस्तावना)

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात वीज कमी आहे, असे नकाशा पाहून कुणी म्हणणार नाही. लांबोटीला महापारेषणचे ४०० केव्हीचे उपकेंद्र आहे. सोलापूरच्या पलीकडे फताटेवाडी-आहेरवाडीच्या माळावर एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच उभे आहेत. टाकळी सिकंदरच्या भीमा कारखान्यासारखे साखर कारखाने हंगामात बगॅस जाळून वीज करतात आणि आपली गरज भागवून उरलेली बाहेर देतात. देशाच्या वीजजाळ्याच्या इतिहासातही या जिल्ह्याचे नाव आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एका तालात धावू लागले. एवढे सगळे उशाशी असताना सीना नदीच्या काठावर मात्र तक्रार वेगळीच ऐकू येते. तिथे ‘लाइट आहे’ आणि ‘मोटार चालते’ ही दोन निराळी विधाने आहेत. तारेत वीज असते, स्टार्टरवरचा दिवा लागलेला असतो, मोटार गुरगुरते, पण पाणी वर येत नाही. किंवा येते आणि महिन्याभरात वाइंडिंग जळते. विजेचा तुटवडा हा एक आजार आणि विजेची दुरवस्था हा दुसरा. पहिल्यावर आपण पन्नास वर्षे बोललो, वीजकेंद्रे बांधली, मेगावॉट मोजले. दुसऱ्याकडे मात्र वायरमन आणि रिवायंडिंगवाला यांच्यातला मामला म्हणून पाहिले गेले. या पुस्तकाचा विषय हा दुसरा आजार आहे. त्यावरचा इलाज म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. ते आपल्याकडे आलेले आहे, आणखीही येते आहे. पण जिथे हवे त्याच्या दुसऱ्या टोकाला आणि नको त्या अटींवर, एवढेच मला या प्रस्तावनेत मांडायचे आहे.

तालुक्याची वीज बिघडली कशी, हे समजायला आधी शेत बदलले कसे ते पाहावे लागते. मोहोळचे नाव शेतीच्या जगात गेले ते रब्बी ज्वारीमुळे. इथल्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही चांगल्या भाकरीचे माप मानली जाते. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वाढणाऱ्या या पिकाला विजेची गरजच नव्हती. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले, कालवे आले, भीमेचे पाणी जोडबोगद्याने सीनेत उतरले, बंधारे भरू लागले आणि ऊस, द्राक्ष, डाळिंब यांनी ज्वारीची जागा घेतली. पाणी नदीत आणि शेत उंचावर, म्हणजे मधे मोटार आलीच. तालुक्याचा वीजभार असा अगदी एका जातीचा झाला. मैलोन्‌मैल पसरलेल्या बारीक तारा आणि त्यांच्या टोकाला इंडक्शन मोटारी. एका छताखाली पाचशे अश्वशक्ती वापरणाऱ्या कारखान्याला वीज पुरवणे सोपे असते. तेवढीच अश्वशक्ती शंभर विहिरींवर विखुरलेली असली की गणित पार बदलते.

हे गणित एका मोटारीपुरते करून पाहू. तीन फेजच्या मोटारीला ४१५ व्होल्ट हवेत. नियमाने लघुदाबात ६ टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे साधारण ३९० पर्यंत. फीडरच्या शेपटाला, भर हंगामात, स्टार्टरच्या पेटीतला काटा ३५० वर दिसणे ही नवलाई नाही. इंडक्शन मोटारीचा पीळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३५० व्होल्टला तो मूळच्या सुमारे ७१ टक्केच उरतो. पंपाची पाण्याची मागणी मात्र तेवढीच असते. मग मोटार जरा हळू फिरते, जास्त प्रवाह ओढते आणि तापते. प्रवाह वाढला की तारेत व्होल्टेज आणखी पडते, शेजारच्या मोटारीही तेच करू लागतात. त्यात ऑटोस्विचची भर. रात्रीच्या पाळीला वीज येते त्या वेळी शेतावर कुणी नसते, म्हणून मोटार आपोआप सुरू व्हावी अशी सोय बहुतेकांनी करून ठेवलेली असते. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. डीपीवरच्या, म्हणजे एका रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या की व्होल्टेज कोसळते. काही स्टार्टरचे काँटॅक्टर सुटतात, पुन्हा लागतात, पुन्हा सुटतात, त्यांचा तडतडाट शेजारच्या रानात ऐकू जातो, आणि एखाद्या फेजचा फ्यूज उडतो. उरलेल्या दोन फेजवर जी मोटार चालत राहते ती सकाळपर्यंत जळते. दोष शेतकऱ्याचा म्हणावा, तर रात्री दोन वाजता बिबट्याच्या किंवा सापाच्या भीतीने रानात न जाणारा माणूस दुसरे काय करणार? महावितरण दरवर्षी ‘ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा’ असे आवाहन करते. ते तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहे आणि रात्रीची पाळी आहे तोवर ऑटोस्विचपुरते तरी निरुपयोगी आहे.

कॅपॅसिटरचे मात्र खरोखर ऐकायला हवे होते. मोटारीला दोन प्रकारचा प्रवाह लागतो. एकाने काम होते. दुसऱ्याने मोटारीत चुंबकत्व तयार होते; तो प्रत्येक आवर्तनात येतो आणि परत जातो, काम काहीच करत नाही. कारखान्यावरून रिकामी परतणारी उसाची ट्रॉली वजनकाट्यावर शून्य असते, पण रस्ता अडवतेच. या दुसऱ्या प्रवाहाचे तसेच आहे. तो युनिटात मोजला जात नाही, तार मात्र भरून टाकतो. पाच अश्वशक्तीचा साधारण दर्जाचा पंपसंच धरला, पॉवर फॅक्टर (कामाचा वाटा) ०.७५ मानला, तर तो सुमारे ४.८ किलोवॉटच्या कामासाठी ६.४ केव्हीए ओढतो, तारेत ८.९ अँपिअर वाहतात. त्यालाच २ केव्हीएआरचा, तळहातापेक्षा थोडा मोठा कॅपॅसिटर लावला की पॉवर फॅक्टर ०.९ वर जातो आणि प्रवाह ७.४ अँपिअरवर येतो. तारेतली घट प्रवाहाच्या वर्गाने बदलत असल्यामुळे ती जवळपास एक तृतीयांश कमी होते. १०० केव्हीएच्या ज्या डीपीवर पंधरा पंप मावत होते तिथे अठरा मावतात. काही शे रुपयांच्या डब्याने एवढे काम व्हावे आणि तरीही तो हजारो स्टार्टरमधून गायब असावा, याचे कारण अज्ञान नाही. कॅपॅसिटर बसवणाऱ्याला स्वतःला त्याचा फायदा दिसत नाही. तो डीपीवरच्या सगळ्यांत वाटला जातो. एकट्याने बसवला तर शेजाऱ्यांचे भले, सगळ्यांनी बसवला तर सगळ्यांचे. असे सौदे आवाहनांनी होत नसतात.

शिवाय कॅपॅसिटरला स्वतःच्या मर्यादा आहेत. त्याची ताकदही व्होल्टेजच्या वर्गाने घटते. म्हणजे ३५० व्होल्टला, जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच तो ७१ टक्क्यांवर आलेला असतो. उलट पावसाळ्यात मोटारी बंद असताना फीडरवर बसवलेला मोठा कॅपॅसिटर चालूच राहिला तर व्होल्टेज नको इतके चढते. त्याला मान खाली-वर करता येत नाही, एवढाच त्याचा दोष. ही लवचीकता आणण्याचे काम पॉवर इलेक्ट्रॉनिक्स करते. १९५० च्या दशकाअखेर थायरिस्टर आला. सिलिकॉनची ही झडप हव्या त्या क्षणी उघडता येते, बंद मात्र प्रवाह शून्यावर आल्यावरच होते. महाराष्ट्राने या पिढीची यंत्रे मोठ्या प्रमाणावर पाहिली आहेत. २०१३ च्या आधी पश्चिम आणि दक्षिण ही दोन जाळी वेगवेगळ्या तालावर चालत, आणि त्यांना जोडणारा १००० मेगावॉटचा दुवा चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला थायरिस्टरच्याच जोरावर उभा होता. चंद्रपूर-पडघे ही ७५२ किलोमीटरची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून मुंबईकडे वीज आणते आहे. थायरिस्टरनंतर, १९८० च्या सुमारास जयंत बालिगा यांनी अमेरिकेत आयजीबीटी घडवला. ही झडप उघडते तशी मर्जीप्रमाणे बंदही होते, तीही सेकंदाला काही हजार वेळा. अशा सहा झडपांचा पूल, मागे एकदिश व्होल्टेज धरून ठेवणारा कॅपॅसिटर आणि पुढे चोक, एवढ्या सामग्रीतून हव्या त्या आकाराची लाट तयार करता येते. जाळ्याच्या लाटेपेक्षा ती किंचित उंच केली की यंत्र काम न करणारा प्रवाह पुरवते, किंचित ठेंगणी केली की शोषून घेते. पलटायला काही मिलिसेकंद पुरतात. व्होल्टेज पडले तरी ते आपला ठरलेला प्रवाह देत राहते, म्हणून त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटत नाही, प्रमाणातच घटते. वितरणाच्या जाळ्यावर, ग्राहकाच्या दाराशी अशी यंत्रे लावून विजेचा दर्जा राखावा, ही कल्पना नारायण हिंगोराणी यांनी १९९० च्या दशकात ठामपणे मांडली. तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे चिप बनवणारे कारखाने होते, सीनाकाठ नव्हता.

आता गंमत अशी, की असाच पूल प्रत्येक सौर इन्व्हर्टरच्या पोटात असतो. मागे बॅटरीऐवजी किंवा नुसत्या कॅपॅसिटरऐवजी सौर पॅनेल असतात, इतकाच फरक. महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती काढली. उपकेंद्रांच्या आसपास अर्ध्या मेगावॉटपासून पंचवीस मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प, जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, आणि शेतीच्या फीडरना दिवसा वीज, असा तिचा आराखडा आहे. सोलापूरसारख्या उन्हाच्या जिल्ह्याला हे मानवणारे आहे. या योजनेचे मूल्यमापन मात्र सगळीकडे मेगावॉटमध्ये आणि युनिटच्या दरात चालते. माझ्या मते तिची अर्धी किंमत त्या हिशेबात येतच नाही. समजा पाच मेगावॉटच्या प्रकल्पाचे इन्व्हर्टर दहा टक्के जादा क्षमतेचे, म्हणजे साडेपाच एमव्हीएचे आहेत. भर दुपारी पूर्ण पाच मेगावॉट देत असतानाही त्यांच्यात सव्वादोन एमव्हीएआरहून थोडी जास्त ताकद शिल्लक असते. कॅपॅसिटर नसलेल्या, पाच अश्वशक्तीच्या पाचशेहून अधिक मोटारींची चुंबकत्वाची गरज त्यातून भागेल. सूर्य मावळल्यावर तर सगळीच क्षमता मोकळी असते. योग्य बनावटीचा इन्व्हर्टर जाळ्यातून थोडीशी वीज घेऊन रात्रीही हे काम करू शकतो. यंत्र विकत घेतलेले आहे, बसवलेले आहे, फक्त त्याला सांगितलेले नाही.

न सांगण्याची किंमत काय असते, हे २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल यांनी पाहिले. भर दुपारी, उन्हाची कमतरता नसताना, अख्ख्या द्वीपकल्पाची वीज गेली. चौकशीत पुढे आले ते असे की व्होल्टेज चढत गेले, वीजकेंद्रे एकामागून एक सुटत गेली, आणि सौर-पवन प्रकल्प मात्र ठरावीक पॉवर फॅक्टरवर चालत राहिले, कारण तिथल्या नियमांनी त्यांच्याकडून व्होल्टेज सांभाळण्याची अपेक्षाच केलेली नव्हती. त्यानंतर काही आठवड्यांतच तो नियम बदलला गेला. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे नियम छोट्या प्रकल्पांना सांगतात की व्होल्टेज ८० टक्क्यांखाली किंवा ११० टक्क्यांवर गेले तर दोन सेकंदांच्या आत जाळ्यापासून अलग व्हा. तार दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी हा नियम हवाच. पण आजारी फीडरवर त्याचा दुसरा अर्थ असा होतो, की मदतीची वेळ आली की मदतनीस घरी जातो. सुरक्षा आणि आधार यांची सांगड घालता येते, मोठ्या प्रकल्पांसाठी घातलीही गेली आहे. छोट्यांची पाळी अजून यायची आहे.

इथे जाणकार वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. व्होल्टेज पडण्याचे कारण निव्वळ चुंबकत्वाचा प्रवाह नाही. अतिउच्चदाबाच्या जाड वाहिन्यांवर ते मुख्यतः त्याच प्रवाहाने पडते. शेतीच्या ११ केव्हीच्या बारीक तारांवर नाही. ‘विझल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या तारेचा रोध किलोमीटरला ०.९१ ओहम आहे आणि तिची प्रतिक्रिया त्याच्या निम्म्याहून कमी. हिशेब केला तर ०.७५ पॉवर फॅक्टरच्या भाराने जे व्होल्टेज पडते त्यातला जेमतेम पाव वाटा चुंबकत्वाच्या प्रवाहाचा निघतो. उरलेला तीन चतुर्थांश खऱ्या कामाच्या प्रवाहाचा. म्हणजे रात्री इन्व्हर्टरने कितीही जोर लावला तरी तो पाव वाट्यातच खेळणार. आक्षेप बिनतोड आहे, आणि मी तो मान्य करतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र आक्षेपकाच्या बाजूचा नाही. कामाचा प्रवाह लांबून आणावा लागू नये यासाठी वीज शेपटाजवळच तयार व्हावी, आणि पंप ती तयार होत असतानाच चालावेत, हाच तो निष्कर्ष. दिवसा चालणाऱ्या पंपाला सौर प्रकल्प दोन्ही प्रवाह देऊ शकतो. अट एवढीच, की प्रकल्प शेपटाजवळ हवा. सध्या जागा निवडताना उपकेंद्रापासूनचे अंतर पाहिले जाते. जितके जवळ तितके बरे, कारण जोडणीचा खर्च कमी. उपकेंद्राच्या दारात उभा केलेला प्रकल्प ३३ केव्हीच्या वाहिनीचा आणि मुख्य रोहित्राचा भार हलका करतो. हे कमी नाही. पण बारा-पंधरा किलोमीटर दूरच्या शेवटच्या खांबाला त्याचा उजेड फारसा पोचत नाही. पाच मेगावॉटचा एक प्रकल्प दारात उभारण्याऐवजी एकेक मेगावॉटचे तीन-चार, फीडरच्या मध्याच्या पुढे, असे का नको, हा प्रश्न निविदांच्या भाषेत विचारला गेला पाहिजे. एकगठ्ठा प्रकल्प स्वस्त पडतो हे खरे. पण त्या स्वस्ताईत मोटारी जळण्याचा खर्च धरलेला नसतो, कारण तो दुसऱ्याच्या खिशातून जातो.

दुसरा आक्षेप इलेक्ट्रॉनिक्सवरच आहे: विजेची लाट बिघडवणारे तेच आणि सुधारणारेही तेच, हे कसे? लाट बिघडते, यात शंका नाही. घरातला एलईडी, मोबाइलचा चार्जर, कारखान्यातला गती बदलणारा ड्राइव्ह, हे सगळे लाटेचा मधलाच तुकडा ओरबाडून घेतात आणि ५० हर्ट्‌झच्या मूळ लाटेत पाचव्या, सातव्या पटीच्या वारंवारितेची भेसळ करतात. मोहोळहून सोलापूरकडे जाताना लागणाऱ्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी इंडक्शन भट्टीवर ओतकाम करणारा उद्योग असेल तर ही भेसळ मोठी असते. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गावरची जुन्या बनावटीची इंजिनेही तिच्यात भर घालतात, शिवाय रेल्वे जाळ्याकडून दोनच फेजवर भार घेत असल्याने असमतोल येतो तो वेगळा. इथे आपला गरीब कॅपॅसिटर उलट गोत्यात येतो: रोहित्राच्या प्रेरकतेशी त्याची गाठ पडली आणि नेमकी पाचव्या पटीला सूर जुळला, तर तो भेसळ वाढवतो आणि स्वतः फुगून फुटतो. म्हणून औद्योगिक भाराजवळ कॅपॅसिटर डोळे मिटून लावायचे नसतात. सोबत चोक लावून सूर बिघडवून ठेवावा लागतो. तरीही ‘भेसळ करणारे यंत्र’ आणि ‘भेसळ काढणारे यंत्र’ यांत फरक आहे. डायोडचा साधा पूल लाट ओरबाडतो, कारण त्याला दुसरे काही येत नाही. आयजीबीटीचा पूल जी सांगाल ती लाट काढतो. भेसळीच्या नेमकी उलटी लाट काढून ती पुसणेही त्यात आले. कोणत्या क्षणी किती प्रवाह सोडायचा, हे त्या क्षणीच काढण्याची रीत जपानच्या हिरोफुमी आकागी यांनी १९८३ मध्ये दिली, आणि आजचे सक्रिय फिल्टर तिच्याच वंशातले आहेत. ११ केव्हीच्या पातळीवर व्होल्टेजमधली एकूण भेसळ ५ टक्क्यांच्या आत हवी, असे मान्य मानक आहे. मोजली तर पाळता येते. आपल्याकडे अडते ते मोजण्यापाशी.

तिसरा आक्षेप पैशाचा. एप्रिल २०२४ पासून बळीराजा वीज सवलतीखाली साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप असलेल्या सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांचे वीजबिल सरकार भरते. वीज फुकट, मग दर्जाची चर्चा कशाला? मला तर हे अगदी उलट वाटते. बिल शून्य झाले तेव्हा विजेची किंमत शून्य झाली नाही. ती रिवायंडिंगच्या पावतीत, डीपी जळाल्यावर वाया गेलेल्या पाण्याच्या पाळीत आणि सुकलेल्या द्राक्षाच्या घडात सरकली. सरकारच्या बाजूने पाहिले तर आता पंपाच्या प्रत्येक वाया गेलेल्या युनिटचे पैसे थेट तिजोरीतून जातात. तेव्हा तारेतली घट कमी करण्यात सर्वांत मोठा स्वारस्यधारी सरकारच आहे. उच्चदाबाच्या उद्योगांना २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे काम न करणारा प्रवाहही धरून, बिल येते, म्हणून चिंचोळीतला कारखानदार पॉवर फॅक्टर न सांगता सांभाळतो. शेतकऱ्यावर तसा दर लादणे ना शक्य ना न्याय्य. पण सौर प्रकल्पाच्या मालकाला पुरवलेल्या केव्हीएआरचे पैसे मिळू शकतात. आज त्याला युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळतात आणि एमव्हीएआरला काहीच नाही. मग आपल्या इन्व्हर्टरला तो उगाच का तापवेल? दरपत्रकात एक जादा ओळ आली, तर जो सौदा आवाहनांनी झाला नाही तो होईल. २०१८ ला उच्चदाब वितरण प्रणालीतून एका-दोघा शेतकऱ्यांना स्वतंत्र छोटे रोहित्र देण्याची चाल सुरू झाली, तिनेही काही अंशी हेच साधले: डीपी आपली झाली की माणूस तिची काळजी घेतो. ती महाग होती, पण दिशा योग्य होती. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेबद्दल मात्र माझे मन द्विधा आहे. त्या पंपाला जाळ्याचा त्रास नाही, हे सुख आहेच. पण पाणी नको असलेल्या महिन्यांत त्याचे पॅनेल आणि इलेक्ट्रॉनिक्स नुसते ऊन खात बसतात, आणि शेजारच्या आजारी फीडरला त्यांचा काडीचा उपयोग नसतो.

आता साठवणुकीकडे. वाचक बॅटरीची वाट पाहत असेल, आणि मी ती जाणूनबुजून मागे ठेवली. शेतीच्या पंपासाठी बॅटरी लागत नाही. पाणी हीच साठवण आहे. दिवसा पाणी वर काढून शेततळ्यात सोडले की रात्री ते उताराने, नाहीतर अगदी छोट्या पंपाने ठिबकला मिळते. त्यात आयजीबीटीही नाही आणि लिथियमही नाही. मोठ्या प्रमाणावर हाच विचार घाटघरला २००८ पासून चालतो: स्वस्त विजेच्या वेळी पाणी डोंगरावर चढवायचे, मागणीच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॉट घ्यायचे. बॅटरीची खरी जागा संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत, गावठाण फीडरवर आहे. सौर वीज संपलेली असते, दिवे, पिठाच्या गिरण्या, टीव्ही, कूलर एकदम लागतात, आणि साखर कारखान्याची सहवीज हंगाम सोडून इतर महिन्यांत नसतेच. बॅटरी महाग, हा आक्षेप काही वर्षांपूर्वी निर्विवाद होता. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या लिलावात मेगावॉटमागे महिना १०.८३ लाख रुपये दर आला. २०२४ मध्ये गुजरातच्या लिलावात तो ४.४९ लाखांवर आला, आणि नंतर त्याहूनही खाली गेला. तरीही मला घाई करावीशी वाटत नाही. जी सोय कॅपॅसिटर, प्रकल्पाची जागा आणि दिवसाची पाळी यांनी होते ती बॅटरीने करणे म्हणजे नळ गळतो म्हणून टाकी मोठी करणे. सगळे करून झाल्यावर जी संध्याकाळची तूट उरेल ती बॅटरीची. मात्र ती बसवायचीच, तर फीडरच्या शेपटाजवळ, आणि तिच्या इन्व्हर्टरला स्वतः लाट धरून ठेवता येईल अशा बनावटीची. नुसता दुसऱ्याच्या लाटेमागे धावणारा इन्व्हर्टर लाट गेली की थांबतो. लाट धरणारा असेल, तर वरची तार तुटली तरी गावचा दवाखाना आणि पाणीपुरवठ्याची टाकी चालू राहते.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. कॅपॅसिटर बिघडला तर वायरमन बदलतो. डीपी जळाली तर चार-आठ दिवसांत दुसरी येते. इन्व्हर्टरचे कार्ड गेले तर? ते पुण्याला किंवा त्याहून दूर जाते, आणि तोवर यंत्र म्हणजे लोखंडी कपाट. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला टेकतो. पत्र्याच्या पेटीत त्याहून खूप वर. झडपेखालचा पंखा धुळीने अडकला की आयजीबीटी जातो, एकदिश बाजूचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर तापून दर काही वर्षांनी सुकतातच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला जो पूर आला त्याने आणखी एक धडा दिला: नदीकाठी जमीन स्वस्त मिळते म्हणून तिथे ठेवलेल्या पेट्या पाण्याखाली जातात, आणि रोहित्रासारखे तेल बदलून, वाळवून इलेक्ट्रॉनिक्स पुन्हा चालू करता येत नाही. चौथरा पूररेषेच्या वर हवा, पंखे आणि कॅपॅसिटर यांची बदली कराराच्या पहिल्या दिवसापासून ठरलेली हवी, आणि सुटे भाग जिल्ह्यात हवेत. यातले काहीच उच्च तंत्रज्ञान नाही. तालुक्याच्या आयटीआयमधल्या वायरमनच्या वर्गात अजूनही मोटारीचे वाइंडिंग शिकवतात आणि ते शिकवलेच पाहिजे. त्याच टेबलावर एक उघडा इन्व्हर्टर ठेवून एकदिश कॅपॅसिटर आधी रिकामा कसा करायचा, झडप मल्टिमीटरने कशी तपासायची, पडद्यावरचा दोषक्रमांक कसा वाचायचा, हे सहा महिन्यांत शिकवता येते. पुढची प्रकरणे त्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. गणित त्यात आहे, पण ते दुसऱ्या भागात. पहिल्या भागासाठी क्लॅम्पमीटर, व्होल्टमीटर आणि फीडरच्या शेवटच्या खांबापर्यंत जायची तयारी एवढेच पुरेल.